लखनौच्या घरातील समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील सामूचे नियमन

लखनौ शहरापासून समुद्राचा सर्वांत जवळचा किनारा आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. गोमतीकाठच्या ह्या शहरातील बाजारात रोहू, कटला आणि मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे नित्य दिसतात. समुद्राशी मात्र तेथील माणसाचा संबंध प्रवासापुरताच येतो. असे असूनही समुद्रातील शोभिवंत मासे व कोळंब्या ह्यांच्या अभ्यासात ह्याच शहरातील एका संस्थेने मोलाची भर घातली आहे. 1983 साली स्थापन झालेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो हा लखनौ येथे आहे. लक्षद्वीपातील अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंब्यांचे संवर्धन करून ती विद्या बेटावरील स्त्रियांना शिकविण्याचे कार्य ह्या संस्थेने केले. आणि ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक माशांची, म्हणजे ज्यांस सर्वत्र क्लाउनफिश म्हणतात त्या माशांची, पैदास तिच्याच तांत्रिक साहाय्याने सुरू झाली.

अगत्तीस वा ऐरोलीस खारे पाणी दाराशी असते. मुंबईत 1951 साली खुले झालेले तारापोरवाला मत्स्यालयही समुद्रासमोरच उभारले गेले होते. परंतु लखनौ, नागपूर वा सोलापूर येथील एखाद्या शाळेने समुद्रजीवांची काचपेटी ठेवावयाची म्हटले, तर समुद्र आधी घरात तयार करावा लागतो. मीठ तोलून पाण्यात विरघळविले की ते काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. खारेपणा साधणे हे खरोखरच सोपे आहे. कठीण असते ते ह्या पाण्याचा सामू राखणे; आणि नवशिक्यांचे मासे बहुधा सामू घसरल्याने मरत नाहीत, तो घाईने वर ढकलण्याच्या खटपटीत मरतात.

सामू म्हणजे काय

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सांगणारा अंक म्हणजे सामू. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन ह्याने 1909 साली हे माप प्रचारात आणले. इंग्रजी पद्धतीने त्यास पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू 7. त्याहून कमी अंक आम्लाचा, त्याहून अधिक अंक अल्काचा. उघड्या समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू 8.1 च्या आसपास असतो.

ह्या मापाची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. ते मोजपट्टीसारखे सरळ नाही. सामू एका अंकाने उतरला की पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट होते, आणि 0.3 ने उतरला की दुप्पट. म्हणून 8.2 आणि 7.9 हे आकडे कागदावर शेजारी दिसले, तरी त्या पाण्यात राहणाऱ्या जीवाला ते शेजारी वाटत नाहीत. शाळेतील लिटमस कागद येथे निरुपयोगी ठरतो. दोन्ही पाण्यांत तो सारखाच निळा दिसतो.

तराजूचा काटा

समुद्राच्या पाण्याचा सामू कोण ठरवितो? हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. ह्या आम्लाचा बहुतेक भाग तत्काळ बायकार्बोनेटाच्या व थोडा कार्बोनेटाच्या रूपात जातो. समुद्राच्या पाण्यात ह्या तिन्ही रूपांतील कार्बन शंभर भाग धरला, तर सुमारे नव्वद भाग बायकार्बोनेट, नऊ-दहा भाग कार्बोनेट आणि जेमतेम एक भाग मोकळा कार्बन डायऑक्साइड असतो. बायकार्बोनेट व कार्बोनेट ह्यांच्या साठ्यास अल्कता म्हणतात. बाहेरून थोडे आम्ल आले तर हा साठा ते पचवितो, म्हणून सामू फारसा हलत नाही. रसायनशास्त्रात अशा विद्रावास बफर म्हणतात.

एका पारड्यात हवेतून व श्वासातून येणारा कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्या पारड्यात पाण्याची अल्कता, आणि सामू हा मधला काटा, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे पुढचे सर्व समजण्यास सोपे जाते. काटा कललेला दिसला असता शहाणा वाणी काट्यास बोट लावीत नाही. तो पारड्यांकडे पाहतो. मत्स्यालयाच्या दुकानांत ‘सामू वाढविणारे’ म्हणून जे द्रव विकले जातात, ते बहुधा बोट लावण्याच्या जातीचे असतात.

ज्या प्रवाळांवरून अशा पेटीस प्रवाळ-मत्स्यालय हे नाव पडले, त्यांचा संसार ह्याच तराजूवर चालतो. पाषाणप्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट ह्यांपासून अ‍ॅरागोनाइट नावाच्या स्फटिकरूप चुन्याचा सांगाडा रचतो. सामू उतरला की पाण्यातील कार्बोनेटाचा वाटा घटतो आणि सांगाडा रचणे जड जाते. खडकांवर जांभळट-गुलाबी पापुद्रा धरणारी चुनेदार शैवले, गोगलगाई, नळीत राहणारे कृमी, ह्या सर्वांस हाच नियम लागू आहे.

येथे एक कायद्याची गोष्ट सांगणे अवश्य आहे. भारतात सर्व पाषाणप्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे ह्यांस 2001 सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ह्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून ते काढणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा होय. महाकाय शिंपला आणि समुद्रघोडे ह्यांनाही असेच संरक्षण आहे. म्हणून शाळेच्या पेटीत पैदास केंद्रात जन्मलेले विदूषक मासे, संवर्धित कोळंब्या, चुनेदार शैवले आणि कृत्रिम खडक एवढाच परिवार असावा. सामूचा धडा शिकण्यास तो पुरेसा आहे.

पेटीतील दिवस आणि रात्र

दिवा लागला की पेटीतील शैवले प्रकाशसंश्लेषण करू लागतात. ती पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, एक पारडे हलके होते आणि सामू चढतो. दिवा मालवल्यावर हे काम थांबते, परंतु श्वसन चालूच असते. मासे, कोळंब्या, शैवले आणि वाळूतील असंख्य सूक्ष्म जीव रात्रभर कार्बन डायऑक्साइड सोडीत राहतात. त्यामुळे सामूचा नीचांक पहाटे, दिवा लागण्यापूर्वी येतो आणि उच्चांक संध्याकाळी. चोवीस तासांतील हा चढउतार 0.2 पासून 0.4 पर्यंत असू शकतो. पहाटे 7.9 आणि सायंकाळी 8.2 हे आकडे एकाच निरोगी पेटीचे असू शकतात. जो मनुष्य सोमवारी संध्याकाळी मोजतो आणि मंगळवारी सकाळी, त्यास रात्रीत काही अनर्थ झाला असे वाटते, आणि तो औषधाची बाटली उघडतो.

साधारणपणे 7.8 ते 8.4 ह्या पल्ल्यात सामू राहिला तर काळजीचे कारण नसते. ह्या पल्ल्यातील अमुकच अंक साधला पाहिजे हा हट्ट व्यर्थ होय.

बंद खोली

आता लखनौकडे वळू. तेथे डिसेंबर-जानेवारीत धुके पडते, रात्री कडाक्याची थंडी असते, आणि घरोघर दारेखिडक्या घट्ट लावल्या जातात. मे-जूनमध्ये उष्णतामान चाळीस अंशांपलीकडे जाते, लू वाहते, आणि वातानुकूलन यंत्र लावलेल्या खोलीची दारे पुन्हा बंद होतात. थंडी व उन्हाळा हे एरवी परस्परविरोधी. मत्स्यालयाच्या दृष्टीने त्यांचा परिणाम एकच.

उघड्या हवेत आज कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत 420 भागांहून थोडे अधिक आहे. बंद खोलीत चारपाच माणसे बसली, शेजारी गॅसची शेगडी पेटली, की ते 1000 च्या वर सहज जाते. पेटीतील पाण्यास खिडकीबाहेरच्या जगाची वार्ता नसते. ते खोलीतील हवेशी समतोल साधते. अल्कता मुळीच न बदलता, केवळ ह्या हवेमुळे 8.1 चा सामू 7.8 च्या आसपास येऊन ठेपतो. पाहुणे आले, रजया निघाल्या, खिडक्या लागल्या, आणि मासे तेच, मीठ तेच असूनही आकडा उतरला, ह्या कोड्याचे उत्तर पाण्यात शोधून सापडत नाही.

ह्याच कोड्याचे एक भव्य उदाहरण अमेरिकेत घडले. ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर 2’ नावाची काचेची हवाबंद इमारत बांधण्यात आली होती. सप्टेंबर 1991 ते सप्टेंबर 1993 अशी दोन वर्षे आठ माणसे तीत राहिली. त्या इमारतीत सुमारे 26 लाख लिटर पाण्याचा एक लहानसा समुद्र होता आणि त्यात प्रवाळांची वस्ती होती. आतील मातीतील जीवाणूंच्या श्वसनामुळे, विशेषतः सूर्यप्रकाश कमी असलेल्या हिवाळ्यात, आतील हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कित्येक पटींनी साचला. समुद्राचा सामू उतरू लागला. खिडकी उघडणे हा उपाय तेथे नियमानेच वर्ज्य होता. म्हणून दुसऱ्या पारड्यात भर घालावी लागली : सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट घालून त्या पाण्याची अल्कता राखली गेली. पुढे त्याच समुद्रात ख्रिस लँग्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. पाण्यातील कार्बोनेटाचे प्रमाण उतरले की प्रवाळसमूहाची चुना रचण्याची गती उतरते, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले. आज महासागरांवर जे संकट ओढवले आहे त्याचे रसायन हेच आहे. फरक एवढाच की तेथे खोलीच्या जागी सबंध वातावरण आहे.

लखनौच्या घरास खिडकी आहे, हे त्याचे भाग्य. दोष हवेचा की पाण्याचा, हे ठरविण्यास एक पेलाभर पाणी पुरते. पेटीतील पाणी पेल्यात घेऊन त्याचा सामू मोजावा. मग तो पेला गच्चीवर वा अंगणात नेऊन लहान पंपाने त्यात तासभर हवा सोडावी आणि पुन्हा मोजावे. सामू 0.2 वा अधिक चढला तर दोष कार्बन डायऑक्साइडचा. चढलाच नाही तर अल्कता खालावली आहे असे समजावे. दुसरा पेला घेऊन तोच प्रयोग खोलीच्या आत केला म्हणजे निदान पक्के होते. बाहेरच्या हवेने चढतो आणि आतल्या हवेने चढत नाही, तर खोलीच दोषी. आत-बाहेर दोन्हीकडे चढला, तर खोली निर्दोष आहे. पेटीतच हवा पुरेशी खेळत नाही.

उपायही तसेच सरळ आहेत. रोज थोडा वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. ते शक्य नसल्यास हवापंपाची, अथवा प्रोटीन स्किमर नावाचे जे फेस काढणारे यंत्र असते त्याची, हवा ओढणारी नळी भिंतीतून बाहेर न्यावी. लखनौची हिवाळी हवा धूर व धूळ ह्यांनी भरलेली असते. म्हणून नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा आणि तो वरचेवर बदलावा. त्या नळीजवळ डासांची उदबत्ती लावू नये वा कीटकनाशक फवारू नये. डासांवर चालणारी पायरेथ्रॉइड जातीची विषे कोळंबीवर त्याहूनही चांगली चालतात. काही हौशी लोक शेजारच्या लहान टाकीत शैवले वाढवून तिचा दिवा रात्री लावतात, म्हणजे एका टाकीची रात्र ती दुसरीचा दिवस होते आणि पहाटेची घसरण कमी होते. ही युक्ती चतुर आहे, पण खिडकीइतकी स्वस्त नाही.

पाण्याची अल्कता

अल्कता हे मोजण्याचे खरे मूल्य होय. ती कॅल्शियम कार्बोनेटाच्या परिमाणात सांगण्याची रीत आहे. समुद्राच्या पाण्यात ती लिटरमागे सुमारे 115 ते 120 मिलिग्रॅम असते. मत्स्यालयात 125 ते 200 च्या दरम्यान राखतात. दुकानी चाचणीपेट्यांवर जर्मन अंश छापलेले असतात. एक अंश म्हणजे सुमारे 17.9 मिलिग्रॅम. ठराविक पाण्यात आम्लाचे थेंब मोजून टाकावयाचे आणि दर्शकाचा रंग कितव्या थेंबास पालटतो ते पाहावयाचे, एवढीच ही चाचणी आहे. नववी-दहावीचे विद्यार्थी ती बिनचूक करू शकतात.

अल्कता दोन वाटांनी खर्च होते. चुना रचणारे जीव ती नेतात; त्यांनी 50 मिलिग्रॅम अल्कता घेतली की सोबत 20 मिलिग्रॅम कॅल्शियमही जाते. दुसरी वाट माशांच्या मलमूत्राची आहे. त्यातील अमोनियाचे जीवाणू नायट्रेट बनवितात आणि त्या क्रियेत आम्ल निर्माण होते. फार मासे आणि फार खाणे असलेल्या पेटीत चुना रचणारे कोणी नसले तरी अल्कता उतरते, ती ह्यामुळे.

तूट भरून काढण्यास स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पुरतो. शंभर लिटर पाण्याची अल्कता लिटरमागे 50 मिलिग्रॅमने वाढविण्यास 8.4 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. त्याने अल्कता वाढते, सामू मात्र त्याच क्षणी चढत नाही, किंचित उतरतोही. निर्जल धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, 5.3 ग्रॅम घातला तर अल्कतेची वाढ तितकीच होते, पण सामूही उडी घेतो. बाजारात धुण्यासाठी मिळणाऱ्या सोड्यात इतर द्रव्ये मिसळलेली असू शकतात, म्हणून तो शुद्ध रसायन म्हणूनच विकत घ्यावा. कोणताही सोडा आधी गोड्या पाण्यात विरघळवून, प्रवाहाच्या ठिकाणी थेंबथेंब सोडावा आणि एका दिवसात वर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याहून अधिक घालू नये.

ही सावधगिरी कशासाठी, ते माशांच्या बाजूने पाहिले असता कळते. नव्या पेटीत थोडा अमोनिया बहुधा असतोच. 7.8 सामूवर त्याचा बहुतेक भाग अमोनियम ह्या सौम्य रूपात असतो आणि मासे तग धरतात. उतावळ्या हाताने तोच सामू एका तासात 8.4 वर नेला, तर विषारी अमोनियाचा अंश तिपटीहून अधिक होतो. मोजपट्टीवरचा आकडा आता पुस्तकात छापल्याप्रमाणे असतो, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत असतात.

चुन्याची निवळी हा आणखी एक जुना व उत्तम उपाय. तिने कॅल्शियम व अल्कता ही दोन्ही एकदम मिळतात आणि पाण्यातील मोकळा कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटात बांधला जातो. लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून ठेवावे, साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी रात्री, सामू उतरत असताना, थेंबथेंब सोडावी. उन्हाळ्यात पेटीतील पाणी आटते. त्याची भरपाई ह्या निवळीने करता येते. आटते ते केवळ गोडे पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून भरपाईसाठी खारे पाणी कधीही घालू नये. निवळीचा सामू 12 च्या वर असतो. ती डोळ्यांस व हातांस लागू देऊ नये, आणि पेटीत एकदम ओतू नये. ओतली तर पाणी दुधासारखे पांढरे होते आणि जो चुना जीवांना मिळावयाचा तो तळाशी जाऊन बसतो. लखनौत पानाचा चुना कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो खरा, परंतु त्याची शुद्धता अज्ञात असते. तो पानालाच लावावा.

मिठासाठी पाणी

गंगेच्या गाळाच्या मैदानातील भूजल बायकार्बोनेटांनी समृद्ध व जड असते. अल्कता आयतीच मिळते, मग तेच पाणी का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. अडचण अशी की त्यातील अल्कता, कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे प्रमाण समुद्रासारखे नसते आणि नायट्रेटासारखे अनाहूत पाहुणेही त्यातून येतात. म्हणून आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठी बनविलेले समुद्रमीठ लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम ह्या प्रमाणात मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ ह्या कामी चालत नाही. ह्या गाळलेल्या पाण्याचा सामू मोजून पुष्कळजण घाबरतात, कारण तो कधी 6 च्या जवळ दिसतो. त्या आकड्यास अर्थ नाही. ज्या पाण्यात अल्कता जवळजवळ शून्य आहे, त्यात हवेतील चिमूटभर कार्बन डायऑक्साइडही काटा खाली आणतो. मीठ मिसळून रात्रभर हवा सोडली की सामू आपल्या जागी येतो.

मोजण्याची शिस्त

सामूमापकाच्या कांडीस महिन्यातून एकदा 7 आणि 10 ह्या प्रमाण विद्रावांत बुडवून तपासावे. कांडी जुनी झाली की ती खोटे बोलू लागते, आणि तेही हळूहळू, म्हणून ते लवकर उमगत नाही. रंगाच्या चाचण्या दिवसाच्या उजेडात वाचाव्यात. पिवळ्या दिव्याखाली निळा व हिरवा ह्यांतील भेद ओळखू येत नाही.

शाळेत पेटीशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवावी. तारीख, वेळ, सामू, पाण्याचे उष्णतामान, आठवड्यातून दोनदा अल्कता, आणि खिडक्या उघड्या होत्या की बंद, एवढी घरे तीत आखावीत. सामूच्या नोंदी रोज दोन : दिवा लावण्यापूर्वी एक आणि मालवण्यापूर्वी एक. खिडक्यांचे घर मुले बहुधा रिकामे सोडतात. ते भरलेले आहे की नाही हे शिक्षकांनी मुद्दाम पाहावे.